मागें राहिलेल्यांची नोंद

अमेरिकेंतील गुलामगिरी आणि त्या गुलामगिरींतून पळून जाणारीं मुलें हा विषय इंग्रजींतील किशोर-वाङ्मयांत गेल्या पन्नास-साठ वर्षांत इतका रुळला आहे कीं, त्या एका विषयावरच्या कादंबऱ्यांनीं वाचनालयाचें एखादें कपाट सहज भरून जावें. इंग्रजी शाळांतून शिकणाऱ्या आपल्याकडील मुलामुलींच्या हातींहि हीं पुस्तकें आतां येऊं लागलीं आहेत. तेव्हां त्यांच्याविषयीं कांहीं लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

ह्या कादंबऱ्यांचा नेहमींचा सांचा ठरलेला आहे. दक्षिणेंतील कापसाच्या अगर तंबाखूच्या मळ्यावर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी असते. मालकाचें कर्ज वाढतें, गुलामांचा दलाल येऊन जातो, विक्रीची कुणकुण लागते. मग अंधारी रात्र, उत्तरेकडे ध्रुवतारा, मागून शिकारी कुत्र्यांचें भुंकणें, वाटेंत खिडकींत दिवा ठेवणारें क्वेकर पंथाचें एखादें दयाळू कुटुंब, तळघर, गवताची गाडी, नदी, आणि नदीपलीकडे कॅनडा. शेवटच्या पानावर ती मुलगी मोकळ्या भूमीवर पाऊल ठेवते आणि वाचणारें मूल सुटकेचा निःश्वास टाकून पुस्तक मिटतें.

आमच्या परिचयाच्या एका घरीं अशाच एका कादंबरीविषयीं बोलणें चाललें असतां त्या घरच्या मुलीनें विचारलें, "पण मग तिच्या आईचें काय झालें?" वडील मंडळींपैकीं कोणालाच सांगतां येईना, कारण कादंबरीकारानेंच तें सांगितलें नव्हतें. आम्ही इतिहास शिकवितों म्हणून प्रश्न आमच्याकडे वळला. त्या वेळीं आम्हीं दिलेलें उत्तर आमचें आम्हांसच पुरेसें वाटलें नाहीं. ह्या लेखाचें निमित्त तेवढेंच.

प्रथम ज्या मार्गानें हीं मुलें जातात त्या मार्गाविषयीं सांगितलें पाहिजे. 'अंडरग्राउंड रेलरोड' हें नांव ऐकून पुष्कळांस तें खरोखरीचें भुयार वाटतें. तेथें भुयार नव्हतें, रूळ नव्हते, एंजिनहि नव्हतें. पळालेल्या गुलामांस आसरा देणारीं घरें, त्यांस एका घरून दुसऱ्या घरीं पोंचविणारीं माणसें आणि त्यासाठीं पैसा उभा करणाऱ्या मंडळ्या ह्या साऱ्यांस मिळून तें टोपणनांव पडलें. ह्या मार्गाचा पहिला मोठा इतिहास विल्बर सीबर्ट ह्या ओहायोंतील प्राध्यापकांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केला. गुलामगिरीविरोधी चळवळींतील वृद्ध कार्यकर्त्यांस आणि त्यांच्या मुलांस पत्रें पाठवून त्यांनीं आठवणी गोळा केल्या, आणि ३,२०० हून अधिक मदतनिसांचीं नांवें ग्रंथाच्या शेवटीं छापलीं. परिश्रम मोठे खरे. पण ज्यांस त्यांनीं विचारलें ते बहुतेक मदत करणारे होते, आणि त्यांतहि गोऱ्यांचा भरणा अधिक. जो दार उघडतो त्यास दार वाजल्यापासूनची गोष्ट ठाऊक असते. दारापर्यंत येण्यापूर्वीं त्या मनुष्यानें किती रात्री काढल्या, वाट कशी विचारली आणि निघतांना कोणास सोडलें, हें त्याच्या आठवणींत फारसें येत नाहीं. दिवा ठेवलेली खिडकी कथेच्या मध्यभागीं आली ती अशी.

लॅरी गारा ह्या इतिहासकारांनीं १९६१ सालीं 'द लिबर्टी लाइन' हा ग्रंथ लिहून ह्या चित्रास पहिला धक्का दिला. सुटून आलेल्या बहुतेकांनीं प्रवासाचा सर्वांत बिकट भाग कोणाच्या संघटित साहाय्यावांचून, स्वतःच्या हिकमतीवर पार पाडला, असें त्यांनीं दाखविलें. पुढें १९९९ सालीं जॉन होप फ्रँकलिन व लॉरेन श्वेनिंगर ह्यांनीं दक्षिणेकडील वर्तमानपत्रांतील जाहिराती आणि न्यायालयांतील अर्ज तपासून आणखी एक गोष्ट पुढें आणली. पळणाऱ्यांपैकीं फार मोठा भाग उत्तरेस गेलाच नाहीं. ते जवळच्या रानांत, दलदलींत अगर शहराच्या गर्दींत कांहीं दिवस राहात, कित्येकदां दुसऱ्या मळ्यावरील बायकोस अगर आईस भेटण्यासाठींच पळत, आणि बहुधा सांपडत. १८६० च्या शिरगणतींत गुलामांची संख्या ३९,५३,७६० भरली. त्या वर्षांत पळून गेलेल्यांची सरकारी नोंद अवघी ८०३ आहे. हा दुसरा आंकडा अपुरा म्हणून त्याची दसपट केली तरी पांचशें माणसांमागें एक इतकेंच प्रमाण पडतें.

शिवाय पळणारे कोण होते? मुख्यत्वें तरुण पुरुष. ह्याचें कारण बायकांस स्वातंत्र्य कमी प्रिय होतें असें नव्हे. कडेवर मूल घेऊन दलदल ओलांडतां येत नाहीं, आणि अपरात्रीं मूल रडूं लागलें तर त्यास समजावतां येत नाहीं. त्यांतून कायदा असा कीं, आई गुलाम तर मूल गुलाम. बाप कोण हा प्रश्नच नाहीं. म्हणजे जी बाई पळाली तिनें एक तर मुलांस संकटांत बरोबर घेतलें असेल, नाहीं तर मागें ठेविलें असेल. तिसरी वाट क्वचित्. कादंबरीकार हा पेंच बहुधा अशा रीतीनें सोडवितो कीं, नायिकेस अगोदरच पोरकी करून टाकतो!

दुसरीहि एक अडचण लक्षांत घेतली पाहिजे. ज्यांस सारें ठाऊक होतें ते फार काळ गप्प राहिले. फ्रेडरिक डग्लस १८३८ सालीं बाल्टिमोरहून पळाला आणि १८४५ सालीं त्यानें आपलें आत्मचरित्र छापलें. पण आपण कसे पळालों हें त्यांत सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर तीच वाट दुसऱ्यांस बंद झाली असती. खलाशाचे उसने कागद खिशांत घालून आपण सरळ आगगाडींत बसलों, हें त्यानें उघड केलें तें १८८१ मध्यें, गुलामगिरी नष्ट होऊन सोळा वर्षें झाल्यावर. १८५० सालीं पळालेल्या गुलामांविषयींचा नवा कायदा झाला. त्यांत पकडलेल्या मनुष्यास स्वतःच्या बाजूनें साक्ष देण्याचा अधिकार नव्हता. त्यास मालकाच्या स्वाधीन केल्यास आयुक्तास १० डॉलर फी मिळे, सोडून दिल्यास ५. मदत करणाऱ्यास १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. अशा राज्यांत कोण कागद ठेवील?

जेथें कागद नाहींत तेथें दंतकथा उगवतात. गोधड्यांच्या नक्षींत पळण्याच्या मार्गाचे संकेत शिवलेले असत, ही कथा अशीच. नकाशाची गोधडी शिवणाऱ्या मुलीचें एक सुरेख चित्रपुस्तक १९९३ सालीं निघालें. १९९९ सालीं ह्या संकेतांवर एक मोठा ग्रंथहि निघाला आणि तो शाळाशाळांतून शिकविला गेला. पण पळून आलेल्या एकाहि मनुष्याच्या त्या काळच्या निवेदनांत असल्या गोधडीचा उल्लेख नाहीं, आणि इतिहासकार ही कथा मानीत नाहींत. हॅरिएट टबमन ह्या शूर स्त्रीविषयींहि असेंच झालें. सेरा ब्रॅडफर्ड ह्यांच्या १८६९ च्या चरित्रानें एकोणीस फेऱ्या व तीनशें माणसें हे आंकडे रूढ केले, आणि मुलांच्या पुस्तकांतून ते अद्याप फिरत आहेत. अलीकडील संशोधन सुमारें तेरा फेऱ्या व सत्तर माणसें एवढेंच धरतें. आंकडा उतरला म्हणून बाईंची योग्यता उतरत नाहीं. उलट तीं सत्तर माणसें कोण होतीं हें पाहिलें म्हणजे ती वाढते. तीं बहुतांशीं तिचे भाऊ, म्हातारे आईबाप, भाची, भाचीचीं मुलें आणि ओळखीपाळखीचे शेजारी होते. १८४९ सालीं ती एकटी सुटली आणि पुढचीं दहा-अकरा वर्षें मागें राहिलेल्यांसाठीं परत जात राहिली. एक बहीण रेचल मात्र येईना, कारण तिचीं दोन मुलें दुसरीकडे ठेवलेलीं होतीं व त्यांस सोडून ती निघण्यास तयार नव्हती. १८६० च्या अखेरीस टबमन शेवटच्या फेरीस गेली तेव्हां रेचल मरण पावली होती. त्या दोन मुलांस काढून आणण्यासाठीं कोणास तरी ३० डॉलर चारावे लागणार होते. ते तिच्यापाशीं नव्हते. मुलें तेथेंच राहिलीं.

त्या काळींहि लेखणी घेऊन बसलेला एक मनुष्य मात्र होता. त्याचें नांव विल्यम स्टिल. १८२१ सालीं न्यू जर्सी प्रांतांतील एका कृष्णवर्णी शेतकरी कुटुंबांत तो जन्मला. अठरा भावंडांतला शेवटचा. १८४७ सालीं फिलाडेल्फिया येथील गुलामगिरीविरोधी मंडळाच्या कचेरींत तो कारकून म्हणून लागला. कचेरीची झाडलोटहि त्याच्याचकडे होती. पुढें पळून येणाऱ्यांची व्यवस्था पाहणाऱ्या समितीचें काम त्याच्या हातीं आलें. आलेल्या प्रत्येकास बसवून घेऊन तो विचारी: नांव काय, वय काय, मालक कोण, त्यानें कसें वागविलें, पुढें कोणतें नांव घेणार, आणि मागें कोण राहिलें. सुमारें आठशें माणसांच्या अशा हकीकती त्यानें लिहून ठेविल्या. कायद्याच्या दृष्टीनें हा कागदांचा गठ्ठा म्हणजे दारूगोळ्याचें कोठार होतें. कांहीं काळ तो त्यास लपवून ठेवावा लागला. १८७२ सालीं ह्या साऱ्याचा त्यानें जाडजूड ग्रंथ छापला. आमच्या मतें ह्या विषयावरील सर्व कादंबऱ्या एका पारड्यांत घातल्या तरी हा ग्रंथ जड भरेल.

ह्या नोंदी जपून ठेवण्याची निकड त्यास कां वाटली, हें समजण्यास त्याच्या घरची हकीकत सांगितली पाहिजे.

त्याची आई सिडनी ही मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर गुलाम होती. बाप लेव्हिन ह्यानें पैसे भरून स्वतःची सुटका करून घेतली आणि तो न्यू जर्सीस गेला. पाठोपाठ चार मुलांस घेऊन सिडनी पळाली व नवऱ्यापर्यंत पोंचलीहि. पण शोध करणाऱ्यांनीं गांठून तिला मुलांसकट परत नेलें. तेथें रात्रीं तिला माळ्यावर कोंडून ठेवीत. कांहीं महिन्यांनीं पहारा सैल झाला तेव्हां ती पुन्हां निघाली. ह्या खेपेस चौघांस घेऊन निभणार नाहीं हें तिला अनुभवानें कळलें होतें. दोन लहान मुली तिनें बरोबर घेतल्या. दोन मुलगे निजले होते; थोरला लेव्हिन आठ वर्षांचा, धाकटा पीटर सहांचा. त्यांचे मुके घेऊन ती अंधारांत बाहेर पडली. मालकानें त्या दोघांस दक्षिणेकडे विकून टाकलें, प्रथम केंटकींत आणि तेथून पुढें अलाबामांत. इकडे आईनें नांव बदलून चॅरिटी असें घेतलें, आडनांवहि बदललें, आणि मोकळ्या मुलुखांत तिला आणखी मुलें झालीं. त्यांतला सर्वांत धाकटा हा विल्यम.

१८५० च्या ऑगस्टांत पन्नाशीच्या घरांतला एक मनुष्य विल्यमच्या कचेरींत आला. अलाबामांतील टस्कंबिया गांवच्या फ्रीडमन नांवाच्या एका ज्यू व्यापाऱ्यानें त्यास विकत घेऊन, त्यानेंच पै पै करून सांठविलेले ५०० डॉलर घेतले व त्यास मुक्त केलें होतें. तो आपल्या आईबापांचा शोध करीत आला होता. ठावठिकाणा कांहींच नाहीं; फक्त बापाचें नांव लेव्हिन, आईचें सिडनी, आणि लेव्हिन नांवाचाच एक भाऊ, तो अलाबामांत मेला. नेहमींप्रमाणें लेखणी घेऊन बसलेल्या विल्यमनें हें सारें ऐकून घेतलें. त्यानें ताबडतोब ओळख दिली नाहीं. दुसरीं माणसें जाईपर्यंत तो थांबला. मग त्यानें त्यास सांगितलें कीं, मी तुझा भाऊ आहें. बाप वारला होता. आई जिवंत होती. वय ऐशींच्या सुमाराचें. चाळीसांहून अधिक वर्षांनीं पीटर तिच्यापुढें जाऊन उभा राहिला.

आतां ह्या हकीकतीचा एक भाग असा आहे कीं, किशोर-कादंबऱ्यांचा विचार करतांना तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. १८५६ सालीं केट पिकार्ड ह्या बाईंनीं पीटरचें चरित्र प्रसिद्ध केलें. त्यांत आई पळून गेल्याचा उल्लेख नाहीं. दाराशीं खेळणाऱ्या दोघां भावांस कोणी परक्यानें गाडींत घालून पळवून नेलें, अशी तेथें कथा आहे, आणि ग्रंथाच्या नांवांतहि तें 'पळवून नेणें' आलें आहे. खरें छापणें शक्य नव्हतें. कायद्याप्रमाणें ती म्हातारी अद्याप मेरीलँडच्या मालकाची मालमत्ता होती, आणि न्यू जर्सींत तिच्या पोटीं जन्मलेल्या मुलांवरहि मालकास हक्क सांगतां आला असता. म्हणजे ह्या कुटुंबाच्या कथेची पहिली आवृत्ति भयानें सौम्य केलेली होती. 'चोरांनीं नेलें' हें 'आईनें ठेविलें' ह्यापेक्षां ऐकण्यास सोपें. १८७२ सालीं, आई वारल्यावर पंधरा वर्षांनीं, विल्यमनें खरें तें लिहिलें. आईचें समर्थन करण्याच्या भरीस तो पडला नाहीं आणि तिला दोषहि त्यानें दिला नाहीं. आजच्या कादंबरीकारास कोणत्याहि कायद्याचें भय नाहीं. तरीहि पुष्कळजण पिकार्डबाईंच्याच वाटेनें जातात, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

पीटरची गोष्टहि तेथें संपत नाहीं. त्याची बायको व्हायना आणि तीन मुलें अलाबामांत राहिलीं होतीं. १८५१ सालीं सेथ कॉंक्लिन नांवाचा एक गोरा मनुष्य आपणहून पुढें आला. त्यानें त्या चौघांस होडींतून नद्यांमागून नद्या ओलांडून इंडियानापर्यंत आणलें, आणि तेथें सर्व पकडले गेले. कॉंक्लिनचें प्रेत नदींत बेड्यांसकट सांपडलें. मालकानें चौघांची किंमत ५,००० डॉलर सांगितली. पीटर गांवोगांव सभा घेत, हात पसरीत हिंडला. १८५४ च्या अखेरीस ती रक्कम जमली तेव्हां बायकामुलें सुटलीं.

ह्याच्या शेजारीं 'अंकल टॉम्स केबिन' ठेवून पाहावी. हॅरिएट बीचर स्टो ह्यांची ही कादंबरी १८५२ ची. तींतील इलायझा मुलास छातीशीं धरून ओहायो नदीच्या फुटत्या बर्फावरून उड्या मारीत जाते, तो प्रसंग आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या घरांतूनहि पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पुढें नवरा भेटतो, तिघें कॅनडास पोंचतात, आणि इलायझाची लहानपणीं ताटातूट झालेली आईहि शेवटीं सांपडते! टॉमचें मरण लेखिकेनें निर्भयपणें रंगविलें, पण पळणाऱ्यांच्या बाबतींत हिशेब पुरा जुळविला. कोणीहि मागें राहूं दिलें नाहीं. त्या ग्रंथानें लाखों वाचकांचें मन फिरविलें, हें श्रेय कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं. पण मुलांच्या पलायन-कथांस जो गोड शेवट चिकटला आहे त्याचें मूळ आम्हांस तेथें दिसतें.

उलट जें खरें होतें तें कादंबरीसारखें वाटलें म्हणून खोटें ठरलें, असेंहि झालें आहे. नॉर्थ कॅरोलायनांतील ईडंटन गांवची हॅरिएट जेकब्स मालकाच्या जाचास कंटाळून १८३५ सालीं नाहींशी झाली. ती उत्तरेस गेली असेल असें सर्वांस वाटलें. खरें पाहतां ती आजीच्या घराच्या छपराखालीं नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि उंचांत उंच तीन फूट अशा पोकळींत पडून होती. आपलीं दोन मुलें खालीं अंगणांत खेळतांना दिसावीं म्हणून तिनें फळींत बारीक भोकें पाडलीं होतीं. जवळजवळ सात वर्षें ती तेथें राहिली; उभें राहतां येत नसे. १८४२ सालीं ती उत्तरेकडे सुटली आणि १८६१ सालीं टोपणनांवानें तिनें आपली कहाणी प्रसिद्ध केली. ती कोणा गोऱ्या बाईनें रचलेली कादंबरी आहे असें पुढें कित्येक वर्षें विद्वान् मानीत आले. जीन फेगन येलिन ह्यांनीं पत्रें व दप्तरें धुंडून १९८७ सालच्या आवृत्तींत ती अक्षरशः खरी असल्याचें सिद्ध केलें. मेरी लायन्स ह्यांनीं १९९२ सालीं ह्याच कहाणीवरून कल्पित पत्रांच्या रूपानें मुलांसाठीं एक पुस्तक लिहिलें, आणि माळ्यावरचीं वर्षें त्यांत गाळलीं नाहींत. पळून जाण्यास निघालेली बाई मुलांपायीं सात वर्षें गांवांतच अडून बसते, ह्याला पलायन म्हणावें कीं काय म्हणावें?

सर्वच कादंबरीकार मागें राहिलेल्यांस विसरतात असें म्हटलें तर तो अन्याय होईल. २०२३ सालीं न्यूबेरी पदक मिळालेली अमीना लुक्मान-डॉसन ह्यांची 'फ्रीवॉटर' ही कादंबरी ह्याच प्रश्नापासून सुरू होते. होमर नांवाचा मुलगा धाकट्या बहिणीस घेऊन पळतो; एका मैत्रिणीस आणण्यासाठीं आई मागें फिरते आणि पकडली जाते. व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलायना ह्यांच्या सीमेवर ग्रेट डिस्मल स्वाँप नांवाची अफाट दलदल आहे. पळालेले लोक तिच्यांत खरोखरीच वस्त्या करून राहात असत, आणि पुराणवस्तुसंशोधकांस त्यांच्या खुणाहि सांपडल्या आहेत. तेथें ह्या मुलांस आसरा मिळतो. पण होमर स्वस्थ बसूं शकत नाहीं. आईसाठीं परत जाण्याचाच त्यास ध्यास. शेवट आमच्या मतें इतिहासानें दिला असता त्याहून बराच उदार आहे. तरी प्रश्न नेमका धरला आहे.

ह्याहूनहि आम्हांस अधिक चांगली वाटली ती क्रिस्टोफर पॉल कर्टिस ह्यांची २००७ मधील 'इलायजा ऑफ बक्स्टन'. बक्स्टन हें गांव काल्पनिक नाहीं. विल्यम किंग नांवाच्या पाद्र्यानें १८४९ सालीं कॅनडांत सुटून आलेल्यांची ही वसाहत स्थापिली. पिट्सबर्ग येथील कृष्णवर्णी लोकांनीं पाठविलेली एक घंटा तेथें होती, आणि कोणी नवें माणूस सुटून आलें कीं ती वाजवीत. कादंबरींतील इलायजा हा त्या वस्तींत मोकळा जन्मलेला पहिला मुलगा, वय अकरा. म्हणजे जेथें इतर पुस्तकें संपतात तेथें हें सुरू होतें. पूर्वार्ध पोरकट गमतीजमतींनीं जरा लांबला आहे, आणि अधीर वाचक तेथेंच पुस्तक ठेवील अशी भीति वाटते. त्यानें ठेवूं नये. वस्तींतील लेरॉय नांवाचा मनुष्य बायकोमुलांस विकत घेण्यासाठीं पैसे सांठवीत असतो. ते एक लबाड लांबवितो, आणि त्याच्या पाठलागांत इलायजा सीमा ओलांडून अमेरिकेंत जातो. तेथें एका तबेल्यांत त्यास कांहीं पळालेलीं व पुन्हां पकडलेलीं माणसें सांखळ्यांनीं जखडलेलीं दिसतात. किल्ली नाहीं, हत्यार नाहीं, मोठें कोणी मदतीस नाहीं. मूल किती शूर असलें तरी सांखळी तुटत नाहीं. त्यांतली एक आई आपलें तान्हें मूल त्याच्या हवालीं करते, आणि तें एक मूल घेऊन तो घरची वाट धरतो. बाकीचीं सारीं तेथेंच. ह्या प्रकरणांत कर्टिस ह्यांनीं शब्दांचा गाजावाजा मुळींच केलेला नाहीं.

कोणी म्हणेल, एवढें दुःख मुलांपुढें कशास ठेवावें? हा आक्षेप घेणाऱ्या पालकांचा हेतु वाईट नसतो, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हातीं हें पुस्तक द्यावें असें आम्हीहि म्हणत नाहीं. पण बारा-तेरा वर्षांचें मूल तें दुःख स्वतःच शोधून काढतें. आरंभीं सांगितलेल्या मुलीस आईविषयीं विचार असें कोणी शिकविलें नव्हतें. आणि ह्या इतिहासांत मागें राहिलेला पीटर तिच्या निम्म्या वयाचा होता.

आपल्या मराठी वाचकांचा ह्या इतिहासाशीं जुना संबंध आहे. स्टिलचा ग्रंथ छापला त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८७३ मध्यें, जोतीराव फुले ह्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. गुलामांस मुक्त करण्यांत औदार्य दाखविल्याबद्दल अमेरिकेंतील सज्जनांस त्यांनीं ती अर्पण केली. त्यांचा रोंख उघड होता: समुद्रापलीकडील गोऱ्यांनीं जें केलें तें आपल्या देशबांधवांनीं शूद्रातिशूद्रांविषयीं करावें. तेव्हां अर्पणपत्रिकेंत मुक्त करणाऱ्यांचें नांव येणें स्वाभाविक होतें. पण तें पान आज मुलांस वाचून दाखवितांना, त्याच देशांत विल्यम स्टिलसारखा माणूस लेखणी घेऊन बसला होता, सिडनीसारखी आई दुसऱ्यांदा अंधारांत निघाली होती, हेंहि शेजारीं सांगावें असें आम्हांस वाटतें. स्वतः जोतीरावांस तें आवडलें असतें.

गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली. पुढचें काम वर्तमानपत्रांकडे आलें. फिलाडेल्फियांत निघणाऱ्या 'ख्रिश्चन रेकॉर्डर' सारख्या कृष्णवर्णी मंडळींच्या पत्रांतून शोधपत्रिका छापून येऊं लागल्या, आणि त्या प्रार्थनामंदिरांतून वाचून दाखवीत. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या येत राहिल्या. आतां त्या हजारोंच्या संख्येनें एकत्र करण्यांत आल्या आहेत आणि कोणासहि वाचतां येतात. बहुतेकींत मजकूर एकाच वळणाचा: माझें नांव अमुक; मी अमक्या मालकाकडे होतें; माझा मुलगा अमक्या दलालानें नेला; तेव्हां तो एवढा होता. मुलाचें आजचें नांव आईस ठाऊक नसे, म्हणून ती त्याच्या जुन्या मालकाचें नांव देई.